हुंकार सोडला त्या हंगामात

परवा शिरूरहून वरवंडला येताना चौफुल्याच्या अलीकडं एसटीची काच सरकवली आणि गुऱ्हाळाचा वास आत शिरला. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडाचा, थोडा करपट आणि तरी गोडच. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला, धूर होताच तेवढा. मी काच लावली नाही. दिवाळी सरली की आमच्या भागात हा वास सुरू होतो तो पार ऊन तापेपर्यंत. लोकांना त्यानं काकवी आठवत असेल, गुळाची पोळी आठवत असेल. मला आप्पा आठवतात आणि मग घर येईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही.

मी कुणाशी बोलत नाही हे ऐकून आमच्या ऑफिसातली पोरं हसतील, कारण बोलायला शिकवणं हाच माझा धंदा. बोलायला आणि ऐकायला. जे शिक्षक इंटरनेटवरून शिकवतात त्यांना मी तयार करते. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, समोरचं मूल डोळ्यांना दिसत नसताना त्याचं अडलेलं कसं ओळखायचं. आमच्या वहिनीला अजून पटत नाही की असल्या कामाचा कुणी पगार देतं. ऐकायला काय शिकवायचं, कान असत्यात की माणसाला, असं ती दर सुट्टीला म्हणते. मी वाद घालत नाही. मला ज्या हंगामात हे शिकवलं गेलं तो आठवला की वहिनीचंच खरं वाटायला लागतं.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. दिवसातला निम्मा वेळ वीज नसायची, मोबाइल नुकते घरोघर आले होते आणि इंटरनेट म्हणजे काहीतरी पुण्याला असतं अशी आमची समजूत होती. मी तेव्हा पाटसजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होते. अनुदान येणार, येणार, या आशेवर मास्तरांचे केस पिकत चाललेले. पगार व्हायचा तेव्हा व्हायचा. अशात दौंडला, स्टेशनकडच्या रस्त्याला, बी-बियाणांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पुण्याच्या एका कंपनीनं ट्रेनिंग सुरू केलं. आपल्याकडची जी माणसं आखातात नोकरीला गेलीत त्यांच्या मुलांना इथून गणित शिकवायचं. कानाला हेडफोन, तोंडापुढं काडीएवढा माइक, समोर पडद्यावर पांढरी पाटी. मूल आपल्याला दिसणार नाही, आपण मुलाला दिसणार नाही. थंडी संपताना परीक्षा, आणि जे पास होतील त्यांना शिरूरच्या नव्या सेंटरवर पक्की नोकरी. मी शाळेतून सुट्टी घेऊन नाव घातलं. घरात दादा एकटा कमावता, तोही कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला. माझं लग्न एकदा मोडलेलं. ही नोकरी मला हवीच होती.

शिकवायला एक मॅडम पुण्याहून यायच्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, स्वेटरच्या खिशात नेहमी खडीसाखर. रागवायच्या नाहीत, पण चूक सोडायच्याही नाहीत. आमच्यात नसरीन होती, दौंडातल्या जुन्या बेकरीवाल्यांची मुलगी, माझ्यासारखीच शाळेत शिकवणारी. तिच्या डब्यात खारी असायची आणि माझ्या पिशवीत ओला हरभरा. त्या दोन गोष्टींवर आमची मैत्री झाली ती कायमची.

पहिल्यांदा खऱ्या मुलाशी बोलायचं होतं तो दिवस मला लख्ख आठवतो. मस्कतकडचा कुणी पोरगा, गोड आवाजाचा, उदाहरण तोंडानं सोडवून दाखवत होता. मी मन लावून ऐकत होते. मला तर वाटलं, काय सुरेख चाललाय तास! मग मॅडमनी त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना लावून दाखवलं. आधी आम्ही आपापल्या आवाजांना हसलो, हसून पुरेवाट झाली. आणि मग ऐकू आलं. पोरगा म्हणतोय, "मग मी दोन्ही बाजूंनी", पुढं माझं "हं", आणि त्या पोराचा आवाज मधेच गडप. पुन्हा तो सुरू करतोय, पुन्हा माझं "हं". शेवटी पोरगा गप्पच झाला. त्याला वाटलं, टीचर आपल्याला थांबवतायत.

त्या काळात लाइनच तशी होती. एका वेळी एकाचाच आवाज जायचा. इकडून नुसतं "हं" म्हटलं तरी तिकडचं वाक्य तुटायचं. आणि आम्ही बहुतेक जणी खेड्यापाड्यांतल्या. आमच्याकडं कुणी बोलायला लागलं की ऐकणाऱ्यानं मधे मधे हुंकार द्यायचा असतो. न देणं म्हणजे उर्मटपणा. लहानपणी मी गप्प बसून ऐकायला लागले की आई पाठीत चापट द्यायची, म्हातारं माणूस बोलतंय, हुंकार दे की. हुंकार नसला की बोलणाऱ्याला वाटतं आपलं भिंतीशी चाललंय. नसरीनचंही तेच, फक्त ती "जी, हां जी" म्हणायची. पुण्याच्या दोन मुली होत्या, त्यांना हा त्रासच नव्हता. त्या मख्ख ऐकायच्या आणि मॅडम त्यांना शाबासकी द्यायच्या.

"तुमचं ऐकणं तुमच्याजवळ ठेवा," मॅडम म्हणाल्या. "त्याला ते दिसायची गरज नाही. त्याचं होऊ द्या, थांबा, मग त्याचंच एक वाक्य त्याला परत म्हणून दाखवा." सांगायला सोपं होतं. मी तोंडाला कुलूप लावायचं ठरवून बसायची आणि दुसऱ्या वाक्याला "हं" बाहेर पडायचाच. शिंक थांबवता येते का कुणाला? तसंच ते.

आता आप्पांचं सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर धनगराचं. आप्पांच्या तरुणपणी मेंढरं होती, दिवाळी झाली की सगळा वाडा, म्हणजे माणसामेंढरांचा तांडा, कोकणात उतरायचा आणि पाऊस जवळ आला की वर यायचा. पुढं मेंढरं विकली, कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला, माणसं एका जागी बसली. आप्पांचं शरीर बसलं, मन काही बसलं नाही. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली आणि मागोमाग आई गेली. त्यानंतर आप्पांना बोलणं तेवढं उरलं. घरामागं आमच्याच वावरात गुऱ्हाळ उभं राहायचं. त्याच्या उबेला बाज टाकून ते बसायचे आणि संध्याकाळी मी शाळेतून आले की सुरू व्हायचे. मी भाजी निवडत, धुणं घड्या करत ऐकायची. माझ्या हुंकारावरून त्यांना कळायचं, मी चुलीपाशी आहे की उंबऱ्यावर, दमलेली आहे की खुशीत. एखादा हुंकार बारीक पडला तर गोष्ट थांबवून विचारायचे, आज काय झालं शाळंत?

त्यांच्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण खरी एकच. वरंध्याचा घाट. नवं लग्न झालेलं, वाडा घाट उतरतोय आणि असं धुकं आलं की हाताला हात दिसेना. तांबड्या घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, बिऱ्हाडावर दोन कोकरं बांधलेली. एका वळणावर घोडीच नाहीशी झाली. आप्पा तिच्या गळ्यातल्या घुंगरांच्या आवाजामागं उतरत गेले. घुंगरू थांबलं की थांबायचे, वाजलं की निघायचे. वरून त्यांची आई ओरडत होती, गेली तर जाऊ दे, तू माघारी फिर. शेवटी खाली ओढ्याकाठी, भाताच्या मोकळ्या खाचरात घोडी उभी, निवांत चरतेय, पाठीवर कोकरं जशीच्या तशी. गोष्ट एवढीच. पण आप्पा ती सांगायला बसले की भाकरी निवायची. आणि एकदा सुरू केली की कितीही हाका मारा, मधे उठायचे नाहीत. वहिनी वैतागायची. आला पुन्यांदा तो घाट, म्हणून आत निघून जायची. आप्पा म्हणायचे, "मदीच घाटात कुणाला सोडायचं न्हाई." आणि घोडी खाली उतरवूनच जेवायला यायचे.

तर मी दौंडहून तोंड पाडून आले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोकं हलवत ऐकलं आणि मग खूश झाले. म्हणाले, "मला कुठं तू दिसतीस? तवा मीच तुझा इंटरनेटावरचा पोरगा. मी बोलतो, तू मुकाट ऐक." आणि लगेच मांडी ठोकून बसले. मी उंबऱ्याआड, ते बाजेवर. दोन वाक्यं झाली आणि थांबले. हाय का गं? मी म्हटलं, आहे की. मग परत दोन वाक्यं, परत हाय का? एका मास्तरणीला आणि एका गोष्टीवाल्याला एकदमच शिकायचं होतं. मला गप्प राहायला, त्यांना भिंतीशी बोलायला.

तोंडात गुळाचा खडा धर, ही कल्पना त्यांचीच. गुऱ्हाळावरचा ताजा, कोमट गूळ वहिनीकडून मागवला. तोंडात खडा असेपर्यंत हुंकार येत नाही, हे खरं निघालं. पण गूळ विरघळला की लगेच "हं"! आप्पा टाळी वाजवून हसायचे. मी तो खडा दौंडलाही नेला, नसरीनला दिला. तिचा तासाच्या मध्यावरच घशाशी गेला आणि ती खोकत बसली. मॅडमनासुद्धा हसू आवरेना. त्या दिवसांत आम्ही फार हसलो. आता वाटतं, एवढं हसायला नको होतं.

कारण मला यायला लागलं होतं. एका संध्याकाळी आप्पांनी सगळा घाट उतरवला आणि माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. गूळसुद्धा नव्हता तोंडात. मग मी त्यांचंच वाक्य त्यांना परत म्हणून दाखवलं, मॅडमनी शिकवलं होतं तसं. आप्पांनी बाजेवरची घोंगडी झटकून घडी घातली. मग म्हणाले, झ्याक. जमलं बघ तुला. आणि काठी चाचपत आत गेले.

त्यानंतर त्यांची गोष्ट बदलत गेली. रोज सराव चालूच होता, पण ते भरभर सांगायला लागले, एसटी स्टँडवर गाड्यांची नावं पुकारतात तसं. आधी धुकं गेलं. मग त्यांच्या आईचं ओरडणं गेलं. मग घुंगरांचं थांबणं आणि वाजणं. माघाच्या थंडीत तर घाट असा आटोपला की घोडी हरवली, घावली, चल जेवू. मला कळत होतं. बापाच्या तोंडातून गोष्ट गळत चाललीय हे ऐकूनही न कळायला मी काही बहिरी नव्हते. मी म्हटलंही, आप्पा, असं नका सांगू, नीट सांगा, मी हुंकार देते. तर म्हणाले, "न्हाई. परीक्षा होऊस्तवर न्हाई. एकदा सवय मोडली की मोडली." मी ऐकलं. त्यांचं ऐकायची सवय तेवढी मोडली नव्हती.

परीक्षा झाली. मी पास झाले. नसरीन नाही झाली. शेवटपर्यंत तिचं "जी" सुटलं नाही. ती म्हणाली, घरी अब्बा बोलत असताना मी घुमी बसले तर अम्मी डॉक्टरकडं नेईल मला. हसत होती, पण डोळे भरलेले होते. मला तिची कीव आली होती तेव्हा.

माझं शिरूरला जायचं ठरलं आणि निरोपाला म्हणून ती आमच्या घरी आली, खारीचा पुडा घेऊन. आप्पांजवळ बाजेच्या कडेला बसली. मी चुलीवर चहा ठेवत होते. आप्पांनी सहज म्हणून घाट काढला आणि नसरीन म्हणाली, "जी."

मी चहा तसाच ठेवून दाराशी आले. आप्पा वळले होते तिच्याकडं. "आन् धुकं म्हंजी कसं? आपलाच हात आपल्याला परका." "हां जी." "आन् घुंगरू थांबलं, तसा म्या बी थांबलो." "जी." सगळं परत आलं. त्यांची आई वरून ओरडली, घोडी दिसेनाशी झाली, ओढा वाजला. चहा उतू गेला, पार विझली चूल. मी तिथंच उभी राहिले. मला माझ्या मैत्रिणीचा इतका हेवा वाटला की मी तिच्याशी संध्याकाळभर धड बोलले नाही. आणि घोडी सापडली तेव्हा आप्पांचा चेहरा असा काही फुलला होता की मला रडूच आलं.

शिरूरला खोली घेतली. दिवसभर कानात मुलांचे आवाज, मी गप्प, मग त्यांचंच वाक्य त्यांना परत. कामात माझं नाव झालं. पुढं शिक्षकांना शिकवायचं कामही माझ्याकडं आलं. संध्याकाळी दादाच्या मोबाइलवरून आप्पांचा फोन यायचा. ते दोन वाक्यं बोलायचे आणि विचारायचे, लाइन हाय का गेली? मी म्हणायची, आहे आप्पा, ऐकतेय. मी ऐकत असायचीच, अगदी मन लावून. पण मनात घोकूनही तो "हं" आता येत नव्हता. ठरवून दिला तर खोटा वाटायचा, आणि आप्पांना खोटा हुंकार लगेच ओळखू यायचा. हळूहळू ते फोनवर एवढंच विचारायला लागले, जेवलीस का, थंडी हाय का तिकडं. कधी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

आता लाइनी सुधारल्यात. दोघं एकदम बोलले तरी कुणाचा आवाज तुटत नाही. गेल्या आठवड्यात न्हावऱ्याकडचा एक नवा मास्तर माझ्यासमोर तास घेत होता आणि मुलगी बोलत असताना सारखा हं, हं करत होता. पोरगी कशी खुलून बोलत होती! बाकीचे माझ्याकडं बघायला लागले, आता मॅडम याला थांबवणार. मी थांबवलं नाही. बाहेर येऊन पाणी प्यायले.

आप्पांना लकवा झाला तो मी शिरूरला गेल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात. वाचा गेली. उजवी बाजू गेली. मी रजा काढून आले. गुऱ्हाळ जोरात चालू होतं, बिहारकडची माणसं चिपाड ओढत होती, मळीचा फेस काढून टाकत होती, आणि दुपारच्या उन्हात तो सगळा धूर आमच्या पडवीत येऊन बसायचा. आप्पांची बाज तिथंच होती. ते छताकडं तोंड करून पडलेले. बोलायला जात आणि नुसता घरघर आवाज यायचा, मग चिडून डाव्या हातानं बाजेची दोरी ओढायचे. मला बघवत नव्हतं. एवढं बोलणारं माणूस.

काय करावं कळेना म्हणून मी त्यांच्या कानाशी बसले आणि सुरू केलं. दिवाळी झाली होती आप्पा, वाडा वरंध्याच्या घाटात आला होता. दोरी ओढणारा हात थांबला. आणि घशातून, खोलातून, बारीकसा आवाज आला. हं.

मी पुढं सांगितलं. काहीही गाळलं नाही. तांबडीवर बिऱ्हाड कसं लादलं, कोकरं कशी बांधली. हं. धुकं आलं, आपलाच हात आपल्याला परका झाला. हं. घोडी वळणावर गेली. हं. वरून आजी ओरडली, गेली तर जाऊ दे, तू माघारी फिर. इथं जरा थांबून, हं. त्या दुपारी मला कळलं की हुंकारानं बोलणाऱ्याला काय होतं. पाठीवर कुणीतरी हात ठेवून चालवत असल्यासारखं मी सांगत गेले.

घुंगरू थांबलं, मी म्हटलं, म्हणून तुम्हीपण थांबलात.

हुंकार आला नाही. मी थांबले. गप्प राहून वाट बघणं मला चांगलं येत होतं, तेच तर शिकले होते. गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज येत होता. मी वाट बघितली. मग वहिनी घरातून बाहेर आली, तिनं आप्पांच्या नाकाशी हात नेला आणि माझ्याकडं बघितलं. आप्पा गेले होते.

मला वाटलं ती हंबरडा फोडेल, माणसं गोळा करेल. पण ती खाली बसली, बाजेच्या पायाशी, पदर तोंडाला लावून. त्या घाटाला सगळ्यात जास्त वैतागलेली हीच. मी आप्पांचा हात सोडला नव्हता. घाट अर्धा राहिला होता.

मी म्हटलं, मग धुकं जरा विरळ झालं.

वहिनी म्हणाली, "हं."

खाली ओढ्याचं पाणी वाजायला लागलं, मी म्हटलं. "हं." मग मी घोडी खाली उतरवली.